कंगव्याचं म्हणणं

कंगवा मावशीच्या केसांत शिरला, बोटभर आत गेला आणि तिथंच अडला. परीक्षक बाईंनी हात काढून घेतला, तरी कंगवा काही खाली पडला नाही. तो मावशीच्या डोक्यावर उभाच्या उभा राहिला आणि परीक्षेला आलेल्या सगळ्या मुली आपापल्या आरशांतून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बघा," परीक्षक बाई म्हणाल्या. "हे मी म्हणत नाही. कंगवा म्हणतोय."

कोपऱ्यातली एक मुलगी फिस्सकन हसली. मावशीनं आरशातूनच तिच्याकडे असं काही पाहिलं की ते हसू आल्या वाटेनं परत गेलं.

"बाई, केस धुतलेले आहेत, तेल लावून विंचरलेले आहेत," मावशी म्हणाली. "याला रुंद दातांचा कंगवा लागतो. माझ्या पिशवीत आहे. देऊ का?"

"परीक्षा मंडळाच्या कंगव्यानं होते."

"मग मंडळाला म्हणावं, एक कंगवा जास्तीचा घ्या. एवढी फी घेता."

"मावशी," मागं उभी असलेली भिंगरी पुटपुटली, "राहू दे ना गं."

भिंगरी म्हणजे मावशीची भाची. परीक्षा तिची होती. लहानपणापासून एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव. आज मात्र ती खुंटासारखी उभी होती. छातीशी कात्र्यांची पेटी घट्ट धरलेली.

केस कापण्या-बांधण्याच्या या परीक्षेला प्रत्येक मुलीनं एक डोकं बरोबर आणायचं असतं. म्हणजे कुणीतरी बाई, जिच्या केसांवर काम करून दाखवायचं. तिला मॉडेल म्हणतात. आणि मॉडेलबद्दल नियम एकच: मंडळाचा कंगवा तिच्या केसांतून मुळापासून टोकापर्यंत न अडता फिरला पाहिजे. आता खालच्या वस्तीतली माणसं रंगानं काळी आणि केसांनी घट्ट कुरळी. आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांची तीच तऱ्हा. त्यातल्या एकाच्याही उपजत केसांतून तो कंगवा आजवर फिरला नाही आणि फिरणारही नाही. काळ्या पोरींना पास करू नका, असं मंडळानं कुठंही लिहिलेलं नाही. तेवढी ती माणसं शहाणी आहेत. त्यांनी फक्त कंगव्याचं लिहून ठेवलंय.

बरं, वस्तीबाहेरच्या बाईनं मॉडेल म्हणून बसावं, तर ती कशाला बसते? वस्तीतल्या पोरीनं फरशी पुसलेली चालते, पोर सांभाळलेलं चालतं, म्हाताऱ्या सासूला आंघोळ घातलेली तर फारच चालते. पण डोक्याला हात म्हटलं की मान अवघडते, घरी पाहुणे येतात. मावशी महिला केंद्रात मुलींना हे काम शिकवायची. एकाहून एक सरस हाताच्या मुली तिनं तयार केल्या आणि एकाहून एक सरस मुली या दारातून डोकं मिळालं नाही म्हणून परत गेल्या. मावशीनं मंडळाला अर्जावर अर्ज केले. तिच्या चपला झिजल्या, मंडळाची पायरी काही झिजली नाही. शेवटी कसाबसा एक अर्ज कुणीतरी वाचला आणि पुढच्या महिन्यात सुनावणी ठेवली होती.

पण परीक्षा आज होती.

"तुझा नंबर मी सगळ्यात शेवटी घेते," परीक्षक बाई भिंगरीला म्हणाल्या. आवाजात दुष्टपणा नव्हता, हीच तर पंचाईत. "तोवर मॉडेल घेऊन ये. माझ्या हातात एवढंच आहे."

मावशीनं डोक्यावरचा कंगवा हळूच सोडवला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

खरं म्हणजे मॉडेल ठरलेली होती. केंद्र चालवणाऱ्या बाई स्वतः बसणार होत्या. आल्या त्या दिवशीच त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, मला मॅडम म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. बायकांना मॅडम सुटेना आणि ताई टाळता येईना, म्हणून त्या मॅडमताई झाल्या. बाई मनानं चांगल्या. अर्जाची भाषा त्यांनीच तर घासूनपुसून दिली होती. त्यांचे केस म्हणजे वरून सोडलेलं पाणी, कंगवा ठेवला की आपला आपण खाली येणार. "माझं डोकं आहे ना! हवं तितक्या वेळ घे," असं त्या भिंगरीला सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या.

मावशीनं बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांना फोन लावला. मघाशी लागत नव्हता, म्हणून तर ती स्वतः खुर्चीत बसली होती. आता लागला.

"मावशी, अहो, मी निघतच होते! तेवढ्यात पाहुणे आले. निधी देणारे. समान संधीवर बोलायचंय त्यांना. मधूनच उठले तर बरं दिसत नाही हो."

"आणि इथं पोरगी ताटकळलीय, ते बरं दिसतंय?"

"असं काय बोलता! तुम्ही काहीतरी मार्ग काढाल, मला खात्री आहे. खरंच, तुमच्याइतकी खंबीर बाई मी पाहिली नाही."

खंबीर. या शब्दाचा मावशीला मनस्वी तिटकारा होता. ज्याला हात द्यायचा नसतो तो माणूस तुम्हाला खंबीर म्हणतो आणि मोकळा होतो. तिनं फोन बंद केला आणि व्हरांड्यातल्या बाकावर नजर टाकली. मॉडेलचं काम आटोपलेल्या दोन-तीन बायका तिथं बसल्या होत्या. छान कापलेले, छान बसवलेले केस.

"ताई," मावशी पहिलीला म्हणाली, "माझ्या भाचीची परीक्षा अडलीय. जरा बसाल का तिच्यासाठी? हात हलका आहे तिचा."

"आत्ताच सेट केलेत हो." त्या बाईनं केसांना हात लावून दाखवला.

दुसरी उठून पाणी प्यायला गेली. तिसरी वयानं मोठी होती, चेहरा मायाळू होता. ती म्हणाली, "मी बसले असते गं. पण तुमच्या मुलींना आमच्या केसांची सवय नसते ना."

"तुम्ही बसल्याशिवाय सवय व्हायची कशी?"

म्हातारी हसली. तिला तो विनोद वाटला. हसता हसता तिनं बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

मावशीचा राग पायापासून चढत डोक्यापर्यंत आला. पण राग काय कामाचा? रागानं काही केसांतून कंगवा फिरत नाही. ती मागं वळली. भिंगरी भिंतीला टेकून उभी होती आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं.

वरच्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये ही पोरगी शाळा सुटल्यापासून झाडू मारत होती. दुसऱ्यांनी कापायचं आणि हिनं गोळा करायचं. मालकीण गेल्या आठवड्यात म्हणाली होती, एक खुर्ची रिकामी होतेय. प्रमाणपत्र घेऊन आलीस तर सोमवारपासून तुझी, नाहीतर दुसरी मुलगी बघून ठेवलीय. भिंगरीची आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी उकळते. आज तिला सुटी मिळाली नव्हती; मिळाली असती, तरी तिचंही डोकं मावशीसारखंच. बाकी कुणाकडे जायचं?

"चल," मावशी म्हणाली.

"कुठं?"

मावशीनं तिला मागच्या खोलीत नेलं. तिथं मोडक्या खुर्च्या, रंगाचे रिकामे डबे, एक तडा गेलेला आरसा आणि एक प्लग होता. मावशी एका खुर्चीवरची धूळ झाडून बसली.

"काढ ती इस्त्री."

"कुठली?"

"केसांची. तुझ्या पेटीत आहे ना? लाव प्लगला."

"कुणाला करायचीय?"

"माझ्या सासूला! अगं, मला. इथं दुसरं कोण आहे?"

भिंगरी जागची हलली नाही. वस्तीत केसांना इस्त्री न मारणाऱ्या बायका बोटांवर मोजाव्या इतक्या, आणि त्यातलं पहिलं बोट मावशीचं. लग्नात नाही, कुणाच्या बारशात नाही; आणि परीक्षेला इस्त्रीचं डोकं न्यायला तिनं आजवर एकाही पोरीला मुभा दिली नव्हती. केंद्रातला तिचा वर्ग सुरू व्हायचा तोच मुळी एका वाक्यानं: डोकं आपलं, केस आपले, लाज त्यांची. पोरी ते कंटाळा येईपर्यंत म्हणायच्या.

"मावशी, तूच तर सांगतेस..."

"मी काय सांगते ते मला पाठ आहे."

"नको गं. नापास तर नापास. सुनावणी होईल, नियम बदलेल, मी पुढच्या वर्षी बसेन."

"आणि खुर्ची? ती बसून राहील तुझी वाट बघत?"

भिंगरी पेटीच्या कडीशी चाळा करू लागली.

"हट्ट माझा आहे, तो माझ्याजवळ राहील," मावशी म्हणाली. "खुर्ची नाही राहायची. आता नाटक पुरे. लाव."

इस्त्री तापली. पहिली बट त्या दोन पट्ट्यांमध्ये गेली तेव्हा चर्र आवाज झाला आणि तेल जळल्याचा वास खोलीभर झाला. मावशीनं डोळे मिटून घेतले. तिला रडायचं नव्हतं; पण धुरानं पाणी आलं, तर त्याला ती तरी काय करणार?

"बट बारीक घे," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "मुळाशी रेंगाळू नकोस. आणि कान. कान सांभाळ, भाजशील मला."

"हो गं."

भिंगरीचा हात मात्र झरझर चालत होता. मागची बाजू, बाजूची, कपाळावरची; कुठं थांबणं नाही, कुठं अडखळणं नाही. हे तर मावशीनं कुणाला कधी शिकवलं नव्हतं.

"कुठं शिकलीस?"

"सलूनमध्ये. बघून बघून."

नुसतं बघून एवढं जमत नाही, हे मावशीला ठाऊक होतं.

"झालं. बघ तरी."

मावशीनं डोळे उघडले. तडा गेलेल्या आरशात कुणाची तरी वहिनी बसली होती. केस पार पाठीवर आले होते. एवढे लांब होते? इतकी वर्षं ते आपले गुपचूप गोळा होऊन बसले होते आणि आज जरा गरम झाल्याबरोबर सरळ झाले, माणसांसारखे.

"मावशी," भिंगरी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला, "किती छान दिसतेस गं."

"तोंड बंद ठेव आणि पेटी उचल."

परीक्षक बाईंनी मंडळाचा कंगवा मावशीच्या भांगात ठेवला. तो सुळकन खाली आला, कुठंही न अडता. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आता कसं! मनावर घेतलं की सगळं होतं, बघा."

मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं खुर्चीचे हात असे धरले की नखं पांढरी पडली. पण भिंगरीनं कात्री हातात घेतली होती आणि कात्री घेतलेल्या माणसाला हलवायचं नसतं, म्हणून ती हलली नाही.

पोरीनं काम केलं, ते मात्र बघत राहावं असं. कात्री बोटांच्या मागोमाग चालत होती, कापलेल्या टोकांची रेघ दोरी लावल्यासारखी येत होती. शेवटी सगळे केस वळवून मानेवर बांधले, तेव्हा कोपऱ्यातली, मघाशी फिस्सकन हसलेली मुलगीसुद्धा आपलं सामान आवरायचं सोडून बघायला लागली. मावशीला राग आलेला होता आणि अभिमानही वाटत होता. दोन्ही एका छातीत मावत नव्हते.

भिंगरी पास झाली. खालच्या वस्तीतली पहिली. बाहेर आल्यावर तिनं मावशीला मिठी मारली, उड्या मारल्या, रस्त्यातल्या कुत्र्यालाही सांगितलं. आज ती खरी भिंगरी होती.

"तू हो पुढं, केंद्रात सांग सगळ्यांना," मावशी म्हणाली. "मी तुझ्या आईच्या कानावर घालून येते."

धुलाईघराच्या दारात वाफेतून बहीण बाहेर आली. पास झाल्याचं ऐकून तिनं दोन्ही ओले हात तोंडावर धरले. मग तिची नजर मावशीच्या डोक्यावर गेली. तिनं हात पुढं केला, पण केसांना लावला नाही.

"तुला करायला लावलं?"

"कुणी लावलं नाही. मीच केलं."

"असू दे," बहीण म्हणाली. "पोरीचं झालं ना? मग झालं." आणि आतून कुणीतरी ओरडलं म्हणून ती परत वाफेत गेली.

असू दे, मावशी वाटेत स्वतःशी म्हणत राहिली. एका दिवसाचं सोंग. पुढच्या महिन्यात सुनावणीला आपलं डोकं घेऊन जाऊ, त्यांचाच कंगवा त्यांच्यासमोर अडकवून दाखवू आणि म्हणू, बोला आता. ती केंद्राच्या दारात पोचली तेव्हा पहारेकरी उठून उभा राहिला.

"आपल्याला कुणाला भेटायचंय?"

एरवी हा माणूस बसल्या जागेवरून "काय मावशे, उशीर?" म्हणायचा.

"तुझ्या आजीला," मावशी म्हणाली आणि आत गेली. आवाज ओळखून तो मागं 'अगं बाई' म्हणाला.

आतल्या बोळातच मॅडमताई भेटल्या. त्यांनी आधी ओळखलं नाही, मग दोन्ही हात धरले.

"मावशी! अहो, काय सुंदर दिसताय! भिंगरीनं सगळं सांगितलं. मी म्हटलं नव्हतं, तुम्ही मार्ग काढाल? पाहुणे तर थक्क झाले. मुलींसाठी अशी चांगली मशीन घेऊन द्यायचा शब्द दिलाय त्यांनी. एक नाही, वर्गाला पुरतील इतकी!"

"कसली मशीन?"

"हीच हो, केस सरळ करायची. आता पुढच्या परीक्षेला डोकी शोधत हिंडायला नको. घरच्याच बायका न्यायच्या, अर्धा तास आधी इस्त्री फिरवायची, की झालं! इतकं सोपं होतं, आणि आपण उगीच वर्षानुवर्षं भांडत बसलो."

मावशीनं आपले हात सोडवून घेतले.

"आणि सुनावणी?"

"हो, तेच सांगणार होते. मंडळाच्या साहेबांना मी लगेच फोन केला, आनंदाची बातमी म्हणून. त्यांनाही फार आनंद झाला. म्हणाले, म्हणजे तुमच्या मुली याच नियमात पास होऊ शकतात तर. मग अर्जात राहिलं काय? मी म्हटलं, खरंच की."

"सुनावणी रद्द केली?"

"रद्द नाही हो. गरज उरली नाही, एवढंच. तुम्ही मागं घेतो म्हणून एक ओळ दिली, की त्यांचं काम संपलं."

केसानं गळा कापतात म्हणतात. मावशीला वाटलं, आपला तर आपल्याच केसांनी कापला गेला, आणि कापणारी समोर हसऱ्या चेहऱ्यानं उभी आहे. तिला ओरडायचं होतं. शिव्या तर तिला अशा येत होत्या की पहारेकऱ्यानं कान झाकले असते. पण या बाईला शिवी द्यायची तरी कशाबद्दल? मन चांगलं असल्याबद्दल?

"चला, मुली बघा किती खूश आहेत," म्हणत मॅडमताईंनी वर्गाचं दार ढकललं.

तोच वास आला. तेल जळल्याचा. मधल्या खुर्चीत वर्गातली एक मुलगी मान ताठ करून बसली होती, तिच्यामागं भिंगरी उभी होती आणि भिंगरीच्या मागं दारापर्यंत रांग. ज्यांचं झालं होतं त्या आरशासमोर माना हलवून केस उडवून बघत होत्या. रांगेत ढकलाढकली चालली होती.

"आधी माझे!"

"तू मागून आलीस गं, मी बघितलं!"

"मावशी आली, मावशी आली! मावशी, वळ ना जरा, मागून बघू दे!"

मावशी वळली नाही. वर्गाच्या कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन होतं. ती सरळ तिकडं गेली, मानेवरची बांधणी ओढून सोडली, क्लिपा खणखण खाली पडल्या. नळ पूर्ण सोडला आणि डोकं त्याच्याखाली घातलं.

पाणी लागलं की इस्त्री उतरते, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. थंड पाणी टाळूला लागलं, मानेवरून पाठीत उतरलं आणि केस बोटांखाली हळूहळू वर यायला लागले, एकमेकांना धरायला लागले.

"अहो, अहो, मावशी!" मॅडमताई धावल्या. "पाहुणे अजून इथंच आहेत, तुम्हाला भेटायचं होतं त्यांना!"

"भेटते," नळाखालून मावशी म्हणाली. "आणि अर्ज मी मागं घेत नाही. तुमच्या साहेबांना पुन्हा फोन करा. सांगा, बाई सुनावणीला येणार आहे, आणि डोकं घेऊन येणार आहे."

नळाचं पाणी तेवढं वाजत होतं. मावशीच्या डोळ्यांवरून, नाकावरून पाणी ओघळत होतं आणि तिला पुढचं काही दिसत नव्हतं.

"आणि ती इस्त्री बंद करा कुणीतरी."

कुणी हललं नाही.

"भिंगरे! ऐकू येतंय का? बंद कर म्हणते ना!"

"हो मावशी, करते," भिंगरी मागून म्हणाली. "हिची एवढी एकच बट राहिलीय."